पाण्यातला घोडा, जमिनीवरचा मालक

माझा भाचा जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेला. जुळे सोलापुरात यात नवल असं काही नाही. आमच्या गल्लीतली विशी-तिशीची मुलं आता सणासुदीलाच दिसतात. सण संपला की पहाटे रिक्षा येते, बॅगा चढतात, आणि हुतात्मा एक्सप्रेस त्यांना घेऊन जाते. घरच्यांनी त्याच्या जाण्याचे पेढे वाटले. फक्त त्याची नववीतली बहीण रुसली. दिवाळीत तिनं मला एक इंग्रजी कादंबरी आणून दिली आणि म्हणाली, “आत्या, हे वाच. आणि यातला गेब वाईट आहे की नाही, तेवढं मला सांग.”

उत्तर तिनं आधीच ठरवलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला साक्षीदार हवा होता. मी पुस्तक वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. यात कादंबरीचा शेवट सांगितला आहे. तो सांगितल्याशिवाय मला हवं ते बोलता येणार नाही.

०

मॅगी स्टीव्हॉटर या अमेरिकन लेखिकेची ‘द स्कॉर्पिओ रेसेस’ ही कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठीच्या पुस्तकांना अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या प्रिंट्झ पुरस्काराच्या २०१२ च्या सन्मानयादीत ती होती. कथा घडते थिस्बी नावाच्या एका काल्पनिक बेटावर. दर शरदात तिथल्या समुद्रातून घोडे बाहेर येतात. आयरिश भाषेतलं त्यांचं नाव आहे कॅपिल इश्का, म्हणजे पाण्याचे घोडे. जमिनीवरच्या घोड्यांपेक्षा ते थोराड आणि वेगवान असतात, आणि मांस खातात. मेंढरू सापडलं तर मेंढरू, माणूस सापडला तर माणूस. बेटावरचे लोक त्यांना धरतात, लगाम घालतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला समुद्रकाठच्या वाळूवर त्यांची शर्यत लावतात. तिथं दर वर्षी माणसं मरतात, आणि दर वर्षी नवी माणसं नाव नोंदवतात.

गोष्ट सांगणारे दोघं आहेत, आळीपाळीनं. एक शॉन केंड्रिक, वय १९. चार वेळा शर्यत जिंकलेला हा मुलगा माल्वर्न या धनिकाच्या पागेत चाकरीला आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याचा बाप याच शर्यतीत गेला. कॉर नावाच्या लाल घोड्यावर त्याचा जीव आहे, पण कॉर माल्वर्नच्या मालकीचा. दुसरी पक, म्हणजे केट कॉनोली. तिचे आईवडील बोट घेऊन समुद्रावर गेले असताना या घोड्यांनी त्यांना मारलं. घरात आता थोरला भाऊ गेब, धाकटा फिन आणि ती. एके दिवशी गेब सांगतो, की तो बेट सोडून मुख्य भूमीवर चाललाय. त्याला निदान काही आठवडे अडवून धरावं म्हणून पक शर्यतीत उतरायचं जाहीर करते. तेही पाण्याच्या घोड्यावर बसून नाही, तर डव्ह या आपल्या घरच्या लहानखुऱ्या घोडीवर. या शर्यतीत आजवर एकही बाई धावलेली नाही.

एवढं वाचून वाटेल, की पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. मुलगी, घोडी, शर्यत, विजय, प्रेम. हे सगळं पुस्तकात आहे. पण ज्यासाठी ते पुन्हा वाचावं, ती गोष्ट वेगळी आहे.

०

पाण्याचा घोडा ही कल्पना लेखिकेची नाही. स्कॉटलंड, आयर्लंड आणि आइल ऑफ मॅन इथल्या लोककथांत तो जुना आहे. तळ्याकाठी एक देखणा घोडा चरत असतो. मुलं त्याच्या पाठीवर बसतात, त्यांचे हात त्याच्या कातडीला चिकटतात आणि घोडा पाण्यात उतरतो. काही कथांत हाच घोडा रूपवान तरुण होऊन येतो. केसांत अडकलेल्या पाणवनस्पतीवरून तो ओळखायचा. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिणाऱ्याला यापेक्षा सोपा माल कुठून मिळणार? घातकी, देखणा, अमानवी तरुण आणि त्याच्या प्रेमात पडलेली मुलगी. अशी पुस्तकं त्या काळात ढिगानं येत होती. स्टीव्हॉटरनं तो भाग सरळ वगळला. तिचा घोडा शेवटपर्यंत घोडाच राहतो. तो बोलत नाही, माणूस होत नाही, शापमुक्तही होत नाही. पुस्तकातला हा पहिला शहाणपणाचा निर्णय आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

आपल्याकडच्या वाचकाला समुद्रातला घोडा परका वाटायचं कारण नाही. समुद्रमंथनातून उच्चैःश्रवा निघाला. त्याच्या शेपटीच्या रंगावरून कद्रू आणि विनता यांनी पैज लावली आणि कपटानं हरलेली विनता दासी झाली. म्हणजे आपल्या कथेतही समुद्रातून घोडा आला, की त्याच्या मागोमाग पैज आली आणि पैजेमागून गुलामी. वडवानल हा शब्द तर आपण सहज वापरतो. पण वडवा म्हणजे घोडी हे कुणाच्या लक्षात नसतं. और्व ऋषींचा जग जाळू पाहणारा क्रोध समुद्रात टाकला गेला आणि तिथं तो घोडीच्या तोंडाचा अग्नी होऊन पाणी पीत राहिला, अशी महाभारताच्या आदिपर्वात कथा आहे. समुद्राच्या पोटात काहीतरी भुकेलं आहे आणि त्याला घोड्याचं तोंड आहे, ही कल्पना थिस्बीच्या लोकांना सांगितली असती तर त्यांनी मान डोलावली असती.

शिवाय पाणी माणूस मागतं, ही समजूत आपल्या विहिरी-तळ्यांच्या काठी अजून आहे. साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड पाण्याजवळच असतात. त्यांना ओटी भरायची, पण त्यांच्याशी सलगी करायची नाही. थिस्बीवरही तसंच आहे. घोड्यांना आवरायला लोक लोखंड वापरतात, घंटा बांधतात, गाठी मारतात. काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घालणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही.

०

शॉनचं वेगळेपण असं, की त्याचा भर या उपायांवर नाही. तो घोड्याकडं बघतो. कान कुठं वळलेत, कातडी कुठं थरथरली, वारा समुद्राकडून आहे की जमिनीकडून. कॉरवर त्याचं प्रेम आहे, पण कॉर आपल्याला खाऊ शकतो हे तो क्षणभरही विसरत नाही. भीती आणि प्रेम या दोन्ही गोष्टी त्याच्याकडं एकाच वेळी आहेत, आणि एकीनं दुसरी खोटी ठरत नाही.

पुस्तकाची काव्यात्म शैली इथं उपयोगाची ठरते. ‘काव्यात्म’ म्हटलं, की मला थोडी धास्ती वाटते. धुकं, लाटा, चंद्र यांच्या वर्णनांत गोष्ट हरवून जाते. इथं पुष्कळदा तसं होत नाही, कारण वर्णन हेच पात्रांचं काम आहे. वाळूचा रंग, खुरांचा आवाज, घोड्याच्या श्वासाचा वास नीट टिपला नाही तर जीव जाईल. वर्तमानकाळातलं निवेदनही त्यामुळं मिरवण्यापुरतं वाटत नाही. उद्या आपण जिवंत असू की नाही हे सांगणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून तो ‘आत्ता’मध्येच बोलतो.

दोष आहेत. शॉन आणि पक यांचे आवाज सुरुवातीला वेगळे आहेत. तो तुटक बोलतो, ती फटकळ आणि विनोदी आहे. पण किनाऱ्याचं वर्णन आलं, की दोघंही लेखिकेच्या आवाजात बोलू लागतात. प्रकरणाच्या वर नाव नसतं तर काही ठिकाणी कोण बोलतंय ते कळलं नसतं. माल्वर्नचा मुलगा मट हा ठोकळेबाज खलनायक आहे. बापाची माया मिळत नाही म्हणून तो दुष्ट, एवढ्यावरच त्याचा हिशेब मिटवलाय. शर्यत स्वतः थोडक्यात उरकते. चारशे पानं वाट बघितलेल्या वाचकाला ते लागतं. माझ्या भाचीची तीच मुख्य तक्रार होती. मला मात्र तयारीचे दिवसच जास्त आवडले.

०

आता मुद्द्याची गोष्ट. या कादंबरीत सगळ्यात जास्त माणसांना घोरात कोण टाकतं? घोडे नाही. घोड्यांचा हंगाम शरदात येतो आणि जातो. माल्वर्न बाराही महिने असतो.

पकचं घर कर्जात आहे आणि ते कर्ज माल्वर्नचं आहे. एके दिवशी तो दारात येऊन उभा राहतो आणि घर सोडावं लागेल असं सांगतो. तो ओरडत नाही, धमकी देत नाही. त्याची तशी गरजच नाही. पकला तेव्हा कळतं, की गेबला हे आधीपासून माहीत होतं. शॉनची अवस्था वेगळी नाही. कॉरला तो वाढवतो, त्याच्यावर बसून जीव धोक्यात घालतो, शर्यती जिंकतो. घोडा मात्र माल्वर्नचा. कॉर विकत द्या म्हणून तो मागणी घालतो, तेव्हा सौदा ठरतो तो पुन्हा शर्यतीवरच. जिंकलास तर विकत घे. हरलास तर पुन्हा मागायचं नाही.

घोडा तुम्हाला खातो तेव्हा त्यात फसवणूक नसते. तो भुकेला आहे, तुम्ही जवळ गेलात. त्याला दोष देता येत नाही, त्याच्यापासून सावध मात्र राहता येतं. मालकापासून सावध राहायची सोय नसते, कारण तुमची रोजची भाकर त्याच्या हातात असते. लेखिका हे कुठंही भाषण करून सांगत नाही. ती फक्त दोन्ही प्रसंग शेजारी ठेवते. एकीकडं दात दाखवणारा घोडा, दुसरीकडं सभ्यपणे बोलणारा सावकार. पक घोड्यांसमोर उभी राहू शकते. माल्वर्नसमोर तिला उभं राहता येतं ते शर्यतीत उतरल्यावरच.

सोलापूरकराला हे वाचताना गिरण्या आठवणं साहजिक आहे. मिलच्या भोंग्यावर हे शहर उठायचं, जेवायचं, झोपायचं. मागाजवळ बोटं जायची, छातीत कापसाची धूळ साठायची. त्या धोक्यांबद्दल लोक मोकळेपणी बोलायचे, थोड्या अभिमानानंसुद्धा. पण दार एके दिवशी बंद होईल, आणि ते बंद करायचं की नाही हे आपल्याला कुणी विचारणार नाही, या धोक्याला कुणाकडं नाव नव्हतं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू ही नावं आता पत्ता सांगायला उरली आहेत.

०

मग एक प्रश्न उरतो, आणि तो कादंबरी विचारत नाही. ही शर्यत बंद का करत नाहीत?

आपल्याकडं हा वाद कोर्टात झाला. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना सशर्त वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. त्या नऊ वर्षांत आपण दोन्ही बाजू ऐकल्या. एका बाजूला काठीला खिळा, शेपटी पिरगाळणं, जनावराचे हाल. दुसऱ्या बाजूला खिलार बैल, गावची जत्रा, शेतकऱ्याची हौस. थिस्बीवर यातली एकच बाजू आहे. शर्यत आहे कारण ती कायम होती. बाहेरगावचे लोक येतात, पैजा लागतात, दुकानं चालतात, बेट वर्षभर त्यावर जगतं. एका परदेशी घोडेखरेदीदाराच्या नजरेतून हा सोहळा थोडा परका दिसतो, पण तोही त्याच्या प्रेमात पडतो. किनाऱ्यावर रक्त सांडतं आणि लेखिका ते सुंदर लिहिते. इथं मला तिचा थोडा राग आला. पकनं शर्यतीत धावावं की नाही यावर अख्खं गाव भांडतं. पण ‘बाईनं का धावू नये’ एवढाच वाद होतो, ‘कुणीही का धावावं’ हा होत नाही. या जागी पुस्तक त्या बेटाइतकंच परंपरेला शरण जातं.

०

तरी शेवट मला पटला. शर्यतीत शॉन खाली पडतो. कॉर त्याला सोडून पळत नाही; त्या चेंगराचेंगरीत कॉरचा पाय मोडतो. पक आणि डव्ह जिंकतात. त्या पैशातून घर सुटतं आणि कॉरही विकत घेतला जातो, कारण मोडक्या पायाचा घोडा माल्वर्नच्या कामाचा नाही. मग शॉन त्याला समुद्राकाठी नेतो आणि मोकळा सोडतो. कॉर पाण्यात उतरतो, आणि परत वळतो.

हे वाचताना मला आमच्या जिल्ह्यातली दोन ठिकाणं आठवली. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. तिथं घोडा पारखणारी माणसं असतात. ती तोंड उघडून दात बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात, देवमण कुठं आहे ते शोधतात, पंचकल्याणी म्हटलं की किंमत चढते. कुणी रेवाल चाल दाखवतं, कुणी घोड्याला नाचवतं. माल्वर्नची पागा म्हणजे हेच जग. मट ज्या घोडीवर शर्यतीत उतरतो, तिला इथल्या माणसांनी बघता क्षणी अबलख म्हटलं असतं, आणि बहुधा तिच्यापासून चार पावलं लांबही सरकले असते.

दुसरं ठिकाण त्याच अकलूजमधलं आणि माळशिरस तालुक्यातल्या माळांवरचं. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचं रिंगण अकलूजला होतं, ज्ञानोबांच्या पालखीची रिंगणं पुरंदवडे, खुडूस फाटा अशा ठिकाणी होतात. ज्ञानोबांच्या सोहळ्यात दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नसतं. तो माउलींचा अश्व. त्यावर माउली बसलेली आहे अशी श्रद्धा. हे घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, म्हणजे मालक त्यालाही आहे. पण त्या दोन-चार फेऱ्यांपुरतं कुणीच मालकी सांगत नाही. घोडा धावून गेला, की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. जिंकायचं कुणालाच नसतं. रिकाम्या पाठीचा घोडा धावताना बघणं, एवढंच.

कॉर पाण्याकडून वळतो तेव्हा त्याच्या पाठीवर कुणी नाही आणि त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. लेखिकेनं चारशे पानं शर्यत लिहिली ती या एका मालक नसलेल्या घोड्यापर्यंत यायला, असं मला वाटतं. तो परत येतो याचं मोल एवढ्यासाठीच, की त्याला जायची मुभा होती.

०

इथं गेबकडं यावंच लागतं. कॉरला जी मुभा मिळाली, ती लेखिकेनं गेबला दिली आहे का?

अर्धीच. गोष्ट सांगणारे दोघंही बेटावर जीव असलेले आहेत. शॉनला बेटाबाहेरचं जग नको आहे. पकला थिस्बीचा वारा, गवत, चिखल सगळं प्रिय आहे. जाणाऱ्याला प्रकरण नाही. गेब आपल्याला नेहमी पकच्या रागातून दिसतो. दारात उभा, निघायच्या बेतात, काहीतरी लपवणारा. आणि तरी पुरावे पुस्तकातच आहेत. आईबाप गेल्यावर घर चालवलं त्यानं. कर्जाचा कागद एकट्यानं उरात बाळगला त्यानं, बहीणभावांना कळू न देता. जो समुद्र पकला सुंदर दिसतो, त्या समुद्रानं त्याचे आईबाप खाल्ले. आणि जमिनीवर माल्वर्न. तो घोड्यांना भिऊन पळत नाही. हप्त्यांच्या हिशेबानं रोज थोडाथोडा संपतोय म्हणून जातोय. हे समजून घ्यायला लागणारी सगळी समज या कादंबरीकडं आहे. मालक कसा खातो हे तिनंच आपल्याला शिकवलं. फक्त गेबची पाळी आल्यावर ती राहणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहते. उत्तम पुस्तकातली ही उणीव मला शर्यतीच्या घाईपेक्षा मोठी वाटते.

मी स्वतः राहणाऱ्यांपैकी आहे. तीस वर्षांपूर्वी मलाही पुण्याला जायची संधी होती, गेले नाही. त्यामुळं पक मला लगेच जवळची वाटली, आणि म्हणूनच तिच्यावर पुरता विश्वास ठेवू नये असंही वाटलं. राहिलेली माणसं आपल्या राहण्याला निष्ठा म्हणतात. गेलेल्यांच्या जाण्याला काय म्हणायचं, ते मात्र आपण त्यांना विचारत नाही.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं, की गेब वाईट नाही, त्याची बाजू लिहायची राहून गेलीय. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे लेखिकेची चूक?” मी म्हटलं, थोडी तिची, थोडी पकची. पकनं त्याला विचारायला हवं होतं. “ती चिडली होती गं,” ती म्हणाली. पुस्तक घेऊन ती खोलीत गेली. थोड्या वेळानं आतून फोनवरचा आवाज आला. दादाला ती विचारत होती, की तिकडं जेवणाचं काय करतोस.